नाव तिनेच सांगायचं

आज सकाळी नागपुरात, मानेवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मतदार यादीचं काम करणाऱ्या ताई आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊजी दारातूनच म्हणाले, "तिचं मी सांगतो ना. तिला काय कळते? मी म्हणतो तिथंच बटन दाबते." मागे वहिनी कणकेचे हात तसेच घेऊन उभ्या. जिन्यातले सगळे हसले. दुपार झाली तरी माझं डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

माझी आजी उमरेडची, चौथी शिकलेली. पहिल्या निवडणुकीची यादी करायला पटवारी दारोदार फिरायचा, तेव्हा बायका कवाडाआडून सांगायच्या, अमक्याची बायको लिहा, तमक्याची माय लिहा. परक्या माणसाला नाव कसं सांगायचं! आजी ओसरीवर आली आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं. सासऱ्यांनी दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या बायकांना समजवायला निघाली. एक म्हातारी अडून बसली, "कोणतं सांगू वं, माहेरचं का सासरचं? माहेरच्या नावानं चाळीस वर्षांत कोणी हाक नाही मारली." आजी म्हणाली, "जे तुले आवडते ते सांग."

हा फक्त आमच्या घरचा किस्सा नाही. देशभरात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं त्या यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नावच दिलं नाही आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन 'अमक्याची बायको' चालवून घ्यायला तयार नव्हते. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या. आजी म्हणायची, सेनसाहेबांनी बरोबर केलं. मला मात्र त्या २८ लाखजणींसाठी अजून तुटतं.

आणि मत काही कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. इंग्रजांच्या काळातल्या आपल्या मध्य प्रांतात, नागपूर राजधानी असलेल्या, ते बायकांना १९२७ साली मिळालं, तेही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या मूठभर जणींना. १९५२ ला याच नागपूरने अनसूयाबाई काळेंना लोकसभेत पाठवलं. आणि आज २०० पावलांवर शाळेत केंद्र असताना म्हणे, तिला काय कळते!

हो, नवऱ्याचं ऐकून मत देणाऱ्या बायका आहेत. असतील. भावकीचं ऐकून देणारे पुरुष किती आहेत? त्यांना जिन्यात कोणी हसत नाही.

आजीने १९५२ ला कोणाला मत दिलं, ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, आडोशाला जाऊन चिठ्ठी टाकायची. आजोबा विचारायचे, ही पोळ्या लाटता लाटता शाईचं बोट दाखवायची. शाई गेल्यावरही बोटच दाखवायची.

वहिनींनी सकाळी माझ्याकडे बघितलं होतं. मी काहीच बोलले नाही. आणि आत्ता लिहिताना लक्षात आलं, अकरा वर्षं शेजारी राहून मला त्यांचं नाव माहीत नाही. उद्या वर जाऊन आधी तेच विचारते.