चांद्रयान-२ 'फसलं' म्हणू नका

चांद्रयान मोहिमांवरचा हा लेख चांगलाय पण "चांद्रयान-२ फसलं आणि मग ३ ने करून दाखवलं" हे वाक्य खटकलं. फसलं ते विक्रमचं, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या लँडरचं लँडिंग, अख्खी मोहीम नाही! ऑर्बिटर व्यवस्थित चंद्राभोवती फिरत राहिला, एक वर्षासाठी पाठवला होता, पण प्रक्षेपण इतकं अचूक झालं की इंधन वाचलं आणि आयुष्य सात वर्षांच्या आसपास गेलं. चांद्रयान-३ बरोबर वेगळा ऑर्बिटर दिलाच नव्हता, लँडरला चंद्रापर्यंत नेणारं नुसतं प्रोपल्शन मॉड्यूल होतं, कारण २ चा वर होताच की. उतरायची जागा निवडताना त्याच्याच हाय रिझोल्यूशन कॅमेऱ्याचे फोटो वापरले आणि लँडरशी संपर्कही त्याने जोडला. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आम्ही घरातले सगळे टीव्हीसमोर जागे होतो, विक्रमशी संपर्क तुटला तसा बाबा काही न बोलता उठून आत गेले. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं लँडिंग झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अरे, वरचा ऑर्बिटर अजून चालूय ना?" मला तेव्हा खरंच भरून आलं.