गाडीनं पान्हा चोरला

तर रविवारी मी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. का, तर गॅरेजवाला मजुरीचे 600 म्हणाला आणि व्हिडिओतला पोरगा म्हणाला दहा मिनिटांचं काम आहे. तीन तास लागले, बोट सोललं, पण झालं. "आता थांबेल ना हो ही?" असं मिसेसनं विचारलं ते मी मनाला लावून घेतलं नाही.

थांबली की. सोमवारी संध्याकाळी रंकाळ्यावरनं येताना आधी डावीकडं ओढाय लागली, मग करपल्याचा वास, आणि गंगावेशीत बरोबर दुधाच्या कट्ट्यासमोर डाव्या चाकातनं धूर. दुसरीकडं कुठं झालं असतं तर माणसं आपापल्या कामाला तरी गेली असती, इथं धार निघेपर्यंत ग्लास धरून निवांत उभी असतात, त्यांना बघायला काहीतरी लागतंच. एकजण बादली घेऊन आला, चाकावर पाणी मारतो म्हणाला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर डिस्क वाकडी होऊ शकते, असं सांगितल्यावर तोच रुसला.

मग म्हशीवाले मामा उठले. धार अर्धी सोडून.

"काय झालंय ओ?"

"ब्रेक धरलाय मामा. पाय काढला तरी सुटत नाही."

"सुटतोय कसा येरवी?"

आता समजावणं आलं. म्हटलं, पाय दाबला की ऑईल पाइपातनं चाकाकडं जातं, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पाय काढला की ऑईल माघारी येतं, पकड सुटते.

"आणि आता माघारी यीना व्हय?"

"हां."

मामांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "म्हंजे पान्हा चोरालीय."

सगळा कट्टा हसला. मी नाही.

"खाली सड आसंल बगा कुठंतरी. त्यो ढिला करा."

"मामा, गाडीला सड नसतो!" हे मी जरा चढूनच म्हणालो, आणि म्हणता म्हणता आठवलं की असतो. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाच्या मागं, ऑईलातली हवा काढायला. मी गप्प झालो ते मामांच्या लक्षात आलं.

"काय म्हंत्यात त्येला?"

"...निपल."

"मग मी काय म्हंटलो?"

चाक गार होऊ दिलं, जॅक लावला, हातानं जाम हलेना. दहाचा पाना घालून निपल अर्धा आटा सोडला तर जी पिचकारी उडाली ती थेट बंपरवर आणि थोडी मामांच्या लेंग्यावर, आणि चाक गरगर फिराय लागलं. मागनं कोणतरी ओरडलं, "लावा ग्लास!"

मामा लेंगा पुसत म्हणाले, "काम करताना ह्ये काढून कुठं ठिवलं हुतं?"

कॅलिपर? ठेवला कुठं, रबरी पाइपावरच लोंबत सोडला होता तीन तास.

"म्हशीला सडाला धरून टांगतंय का कोण?"

याला उत्तर नाही. गाडी रात्रभर तिथंच, म्हशींच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं पण तेच सांगितलं, फक्त त्याचे पैसे घेतले. अकरा वर्षांचा होज, म्हणजे तोच रबरी पाइप, वजनानं आतलं अस्तर फाटलं, पायाच्या जोरानं ऑईल पुढं जातं पण माघारी येताना फाटका तुकडा आडवा येतो. दोन्हीकडचे होज, नवीन ऑईल, मजुरी, 2850. कॅलिपर तारेनं बांधून ठेवा हे एक वाक्य त्या व्हिडिओतल्या पोराला सांगता येत नव्हतं? चॅनेल सबस्क्राइब करा म्हणून तीनदा सांगितलं की. आणि ब्रेक ऑईल रंग खातं हे मला माहीत होतं, तरी गडबडीत पुसायचं राहिलं, बंपरवर आता हाताएवढा पोपडा आहे, त्याचं कोटेशन मी अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

आमचं दूध त्याच कट्ट्यावरनं येतं. मंगळवारी मामांनी लांबनंच हाक मारली, "काय सायेब, सोडतीया का आता?" म्हणून बुधवारपासनं मिसेसला पाठवतोय. काल ती किटली ओट्यावर ठेवून पाच मिनिटं माझ्याकडं बघत नुसती उभी होती, मग म्हणाली, "अहो, गाडीला तुम्ही नक्की कुठं धरून टांगलं होतं?"