ओढ्याचा धोका धरणाच्या आकड्यांत दिसत नाही

जुलै उजाडला की पुण्यातल्या आमच्या सहकारनगर-बिबवेवाडी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खडकवासला धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू झाला, याचे संदेश फिरू लागतात. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या रहिवाशांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहेच. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला आणि तिथल्या सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा ते साऱ्या शहराने पाहिले. परंतु कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत आंबिल ओढ्याच्या काठाने राहणाऱ्यांना त्या आकड्यावरून आपल्या धोक्याचा काहीच अंदाज येत नाही, आणि तरीही आपण त्याच्यावरच विसंबून असतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला जो पूर आला, तो कोणत्याही मोठ्या धरणातून सोडलेल्या पाण्याचा नव्हता. पाऊस कात्रजच्या डोंगरउतारांवर पडला, कात्रजचा तलाव भरून वाहू लागला आणि ते पाणी पद्मावती, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी असे करत रात्रीच्या अंधारात घराघरांत घुसले. पुणे शहर आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसे दगावली. जे वाचले, त्यांतल्या अनेकांच्या हाती पळायला मोजकी मिनिटे होती. धरणातून पाणी सोडताना निदान भोंगा वाजवता येतो, नदीकाठच्या वस्तीला हलवता येते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे डोंगरावरची सर आणि दारातला लोंढा यांत फारसे अंतर राहत नाही.

हिशेब साधा आहे. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी लिटर पाणी होते. पूर्वी त्यातले बरेचसे माळावर आणि शेतांत मुरत असे. आता टेकड्या फोडून उभ्या राहिलेल्या इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि फरसबंदी पार्किंग यांवरून ते थेट ओढ्याकडे धावते, आणि ओढ्याचे पात्र मात्र भराव टाकून व भिंती बांधून अरुंद झालेले असते. त्यात पुलाखालच्या मोरीत एखादी गादी किंवा झाडाची फांदी अडकली, की पाणी दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांत वळते.

शिवाजीनगरच्या वेधशाळेत नोंदलेला पाऊस हा आपल्याकडचा पाऊस नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. वळवाचा किंवा परतीचा गडगडाटी ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळतो. कात्रजला रस्ते वाहत असतात, तेव्हा डेक्कनला नुसती भुरभुर असू शकते. म्हणून कात्रजच्या वरच्या अंगाला पर्जन्यमापक आणि ओढ्यावर ठिकठिकाणी पाणीपातळी मोजणारी यंत्रे हवीत, आणि ठरावीक पातळी ओलांडताच खालच्या वस्तीत भोंगा वाजला पाहिजे. नगरसेवकांकडे सुशोभीकरणाऐवजी आपण ही मागणी लावून धरायला हवी.

दुसरा धोका आपल्या कुंपणातच आहे. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच आंबेगावातही तसेच घडले. आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीची उतारावरची भिंत मी मुद्दाम जवळून पाहिली. भिंतीमागच्या मातीत साचणारे पाणी निघून जावे म्हणून ठेवलेल्या नळ्यांपैकी बऱ्याचशा रंगकामाच्या वेळी गिलाव्याने बुजवलेल्या आहेत, आणि तळाशी ओल धरून आडवी भेग गेली आहे. त्या भिंतीला लागूनच दुचाकींचे पार्किंग आहे आणि संध्याकाळी मुले तिथेच खेळतात. भिंतीमागची माती पाण्याने जड झाली की तो सगळा दाब भिंतीवर येतो. नळ्या मोकळ्या करायला एक गवंडी आणि दिवसभराचे काम पुरे. भेगेची तपासणी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायला हवी.

फ्लॅट घेताना आपण पार्किंग आणि पाण्याचे तास विचारतो, पण इमारतीखालून किंवा शेजारून ओढा, नाला गेला आहे का, हे विकास आराखड्याच्या नकाशावर क्वचितच पाहतो.

पावसाळ्यापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत तीन विषय घ्यावेत, असे पत्र मी आमच्या सोसायटीला दिले आहे: सीमाभिंतीची तपासणी, तळमजल्यावरचे विजेचे मीटर वर हलवणे, आणि रात्री पाणी वाढल्यास वॉचमनने कोणत्या क्रमाने कोणाला उठवायचे याची यादी. ओढ्याकाठच्या इतर सोसायट्यांनीही हे विषय घ्यावेत, ही विनंती. पत्राचा मसुदा हवा असल्यास मी पाठवीन.