'द्राक्षं आंबट' म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

मोठ्या लॉ फर्मच्या मागे किती धावायचं, दीर्घकाळाचं यश कोर्टातल्या स्वतःच्या वकिलीत आहे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राष्ट्रीय विधी विद्यापीठाची (एनएलयू) फी कर्जाशिवाय भरता येत नाही, फर्मचा पगार नसेल तर ते कर्ज फिटत नाही, जिल्हा न्यायालयात सीनियर वकील ज्युनिअरला पेट्रोलपुरतेही पैसे देत नाहीत. आणि शेवटी, 'लेखकाला फर्मने घेतलं नसावं, म्हणून द्राक्षं आंबट.'

मतभेदाला माझी ना नाही. पण हे शेवटचं वाक्य कशाच्या जोरावर लिहिलंत? माझ्याबद्दल काडीची माहिती नसताना? आणि तेही नाव न देता?

तर ऐका. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून बाहेर पडलो तो थेट लोअर परळच्या एका बड्या फर्ममध्येच. ड्यू डिलिजन्स, म्हणजे व्यवहाराआधीची कागदपत्रांची तपासणी, काय असतं ते मला तुम्ही सांगू नका. कुणा कंपनीचे भाडेकरार उपसायचे, एकेकातलं करार संपवण्याचं कलम हुडकून तक्त्यात भरायचं आणि रात्री टाइमशीट लिहायची, सहा-सहा मिनिटांचा हिशेब. तक्ता जायचा पार्टनरच्या, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाच्या नावाने. क्लायंट पार्टनरचा. मला ओळखायचं त्याला कारणच नव्हतं. नोकरी सोडली तेव्हा हातात पडलं एक अनुभवपत्र. पगार चांगला होता, हे मी मूळ लेखातही लिहिलंय, तुम्ही तिथवर वाचलं नसेल.

साताऱ्यात आल्यावर पहिलं वकीलपत्र मिळालं ते बांधाच्या वादाचं. फी सांगायचीही लाज वाटावी. पण त्याच माणसाने पुढे भावांच्या वाटपाचा दावा आणला, मग मेहुण्याची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. हे अशील माझे आहेत, उद्या ऑफिस बदललं तरी माझ्यामागे येतील. 'दीर्घकाळाचं यश' म्हणताना मी एवढंच म्हणत होतो. शिवाय मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी 3 वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांनी कोर्टाचा जिना चढायला उशीर का करावा?

सीनियर पैसे देत नाहीत, हे मात्र तुमचं खरं. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 सुचवले, पण ती नुसती शिफारस. आमच्या बाररूममध्ये ते कुणी वाचल्याचंही दिसत नाही.

कर्जाचं ज्याचं त्याने बघावं. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज 1855 पासून उभं आहे, पाच वर्षांचा कोर्स तिथेही होतो, फीही परवडते. एनएलयू नाही तर वकिलीच नाही, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. निनावी प्रतिक्रिया यापुढे मंजूर करणार नाही.