साडूभाऊंचा ड्रोन आणि आजोबांचा बांध

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर साडूभाऊंनी आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर नाणेघाटच्या सहलीचा व्हिडिओ टाकला. त्यात मी एकदाच दिसतो आणि तोही थेट डोक्यावरून. हिरव्या गवतात काही मंडळी उभी आहेत, कॅमेरा सरळ खाली रोखलेला आहे आणि मधोमध काहीतरी वाटोळे उन्हात लकाकते आहे. "तो चकचकीत दगड कुठला गं?" असे आमच्या मावससासूबाईंनी विचारले आणि "दगड नाही, आपले भाऊजी आहेत" असे उत्तर मेहुणीने हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग जोडून दिले. माझ्या टाळूने एवढी प्रगती केली असल्याचे मला आजवर कोणी कळवले नव्हते. आमचे केशकर्तनकार काम संपल्यावर मानेमागे आरसा धरतात, पण तो अशा बेताने धरतात की तेवढा विषय निघू नये. ही माणुसकी यंत्राकडून अपेक्षिता येत नाही, हे मान्य; पण यंत्र चालवणाऱ्याकडून अपेक्षिता यायला हरकत नव्हती.

साडूभाऊंना ड्रोनविषयी एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे, ती म्हणजे त्याचे वजन. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो आणि तो उडवण्यासाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही, हे वाक्य त्यांनी चाकण येण्यापूर्वी आम्हाला ऐकवले, नारायणगावला मिसळ खाताना शेजारच्या टेबलाला ऐकवले आणि जुन्नर सोडल्यावर पुन्हा एकदा उजळणी म्हणून ऐकवले. ज्या क्षेत्रात उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही, तिथेही ४०० फुटांच्या म्हणजे सुमारे १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेले आहे. परंतु तिथपर्यंत त्यांचे वाचन गेलेले नसावे. नाणेघाटात हा मुद्दा मोठा गमतीचा होतो. पडद्यावर दिसणारी उंची ही ड्रोन जिथून उडाला तिथपासून मोजलेली असते. त्यामुळे घाटमाथ्यावरून उडालेले यंत्र कड्याबाहेर सरकले की आकडा चाळीस मीटरच दाखवतो, आणि त्याच्या पोटाखाली मात्र कोकण सुरू झालेले असते. साडूभाऊ त्या चाळिसाकडे पाहून निर्धास्त होते, आणि आम्ही दरीकडे पाहून नव्हतो.

पाऊस ओसरत आला होता, सोनकी फुलली होती आणि उलट्या धबधब्याचे पाणी दरीत पडण्याऐवजी वाऱ्याच्या रेट्याने वर येऊन आमच्या चष्म्यांवर बसत होते. जो वारा धबधब्याला परतवतो, तो पाव किलोच्या आतल्या खेळण्याला काय करील, हा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलालाही पडला असता. ह्या वर्गातले ड्रोन साधारणपणे सेकंदाला दहा-अकरा मीटर वेगाचा वारा सोसतात, आणि कड्याच्या तोंडाशी एवढ्या वाऱ्याला वारा म्हणत नाहीत. तरीही साडूभाऊंनी पहिले उड्डाण तिथेच केले. त्याचे चित्रीकरण मी पाहिले आहे. ते पाहताना आपण एसटीच्या शेवटच्या बाकावरून माळशेज उतरत आहोत असे वाटते.

बाकीच्या चुका जगभर सारख्याच होत असाव्यात, कारण प्रत्येक सहलीच्या प्रत्येक व्हिडिओत त्या मला भेटतात. यंत्र हाती आले की ते आधी जास्तीत जास्त वर न्यायचे, म्हणजे झाडे शेवाळासारखी दिसतात, माणसे दिसत नाहीत आणि ज्या गावाला आपण गेलो ते कुठलेही गाव होते. वास्तविक पाहण्याजोगे जे काही असते ते पंधरा-वीस मीटर उंचीवर असते, माडाच्या शेंड्यापेक्षा थोडेसे वर. तिथून कौल दिसते, अंगणात वाळत घातलेली गोधडी दिसते आणि वर पाहणारा कुत्राही दिसतो. दुसरी चूक अंगठ्याची. दृश्य एका दिशेने सावकाश सरकू देण्याऐवजी अंगठा मध्येच रिमोटची काडी फिरवतो आणि पाहणाऱ्याच्या पोटातली मिसळ फिरते. तिसरी प्रकाशाची. सारे काही ऑटोवर सोपवलेले असल्यामुळे दरीकडून आकाशाकडे वळताच चित्र एकदम काळवंडते आणि पुन्हा खाली वळताच भगभगीत होते. जाणकार मंडळी सेकंदाला पंचवीस चित्रे घेत असतील तर शटर सेकंदाच्या एकपन्नासांशावर ठेवतात आणि भर उन्हात ते जमावे म्हणून कॅमेऱ्याला काळी काच लावतात. साडूभाऊंनी त्या काचांचा संच विकत घेतला आहे. तो त्यांच्या घरी शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी आहे.

पण सर्वांवर ताण करणारी चूक लाल बटणाची. ते एकदा दाबले की चित्रीकरण सुरू होते आणि पुन्हा दाबले की थांबते, एवढाच त्याचा स्वभाव आहे. सुरुवातीला कधीतरी ते एकदा जास्त दाबले गेले आणि तिथून पुढे दिवसभर साडूभाऊ आणि यंत्र एकमेकांच्या उलटे चालले. "चालू!" असे ते ओरडत आणि आम्ही सहकुटुंब कड्याकडे पाठ करून 'सहज' चालत येत असू तेव्हा यंत्र नुसतेच पाहत असे; आणि "कट!" म्हटल्यावर ते मन लावून टिपू लागे. आमच्या सहलीचा व्हिडिओ म्हणजे दोन 'कट'च्या मधला काळ आहे. त्यात साडूभाऊंचे बूट विपुल आहेत.

आजोबा आले ते दुसऱ्या उड्डाणाच्या तयारीच्या वेळी. आम्ही कडा सोडून घाटघरच्या बाजूला भातखाचरांच्या कडेशी आलो होतो, कारण साडूभाऊंना आता जीवधनच्या वानरलिंगी सुळक्याभोवती प्रदक्षिणा घालायची होती. डोक्याला टोपी, खांद्यावर इरले आणि हातात काठी अशा वेशातले ते गृहस्थ बराच वेळ मागे उभे राहून यंत्राचे पंख उघडताना पाहत होते. ते किमतीची चौकशी करतील किंवा लग्नाच्या ऑर्डरी घेता का असे विचारतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी विचारले, "मोजणीवाले का?"

ह्या प्रश्नामागे तर्क होता. केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावोगावच्या गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली आहे आणि उड्डाणापूर्वी घरांच्या, गोठ्यांच्या हद्दी चुन्याच्या रेषा मारून दाखवाव्या लागतात. आजोबांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले होते. आकाशात गुणगुणणारे यंत्र ही त्यांच्या लेखी करमणूक नव्हती, तो महसुलाचा विषय होता. मी त्यांना अत्यंत नम्रपणे सांगितले की आम्ही पुण्याचे प्रवासी आहोत, हे यंत्र खासगी आहे, आणि सरकारी मोजणीसुद्धा गावठाणापुरती होती, शेतजमिनीची नव्हती.

"ते खरं," आजोबा म्हणाले, "पर आता आलंच हाये वर, तर आमचा बांध टिपायला त्याचं काय जातंय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. साडूभाऊ स्वतः त्या क्षणी, ड्रोनला जागा दाखवणारे उपग्रह किती सापडले, ते पडद्यावर मोजत होते.

आजोबा गेले. मला वाटले विषय संपला. ते परतले तेव्हा त्यांच्या हातात चुन्याची फक्की भरलेली खताची पिशवी होती आणि बरोबर पिशवी धरायला नातू होता. मग त्या वृद्धाने दोन खाचरांच्या मधोमध अशी सरळ, ठाम आणि देखणी रेषा मारली की ती पाहून कोणालाही वाटावे, जमीन निर्माण झाली तेव्हापासून हद्द इथेच असणार. मातीचा बांध त्या रेषेच्या चांगला हातभर अलीकडे होता, हे मी बोलून दाखवले. "तो सरकवलेला हाये," आजोबा शांतपणे म्हणाले. "कोणी?" "तो बघा, आलाच."

पलीकडून आजोबांचे चुलतभाऊ येत होते. वयाने तेवढेच, टोपी तशीच, काठी अंमळ जाड. त्यांच्याकडे चुना नव्हता, म्हणून त्यांनी पायानेच आजोबांची रेषा पुसायला सुरुवात केली. पुढचा अर्धा तास मी जे ऐकले त्यात दोघांच्या आजोबांची वाटणी होती, तोडलेला एक हिरडा होता, ताली फुटल्याचे एक साल होते, तालुक्याला मोजणीचे पैसे भरूनही न आलेली तारीख होती, आणि एका म्हशीचा उल्लेख दर दोन वाक्यांनी येत होता, तिचे प्रकरण मला शेवटपर्यंत उलगडले नाही. दोघेही अधूनमधून माझ्याकडे वळत आणि "काय साहेब?" असे विचारत. मी नुकत्याच घेतलेल्या पांढऱ्या बुटांनिशी चिखलात उभा राहून दोन्हीकडे मान हलवत होतो. ह्या गोष्टीचा मला राग आहे. ड्रोन साडूभाऊंचा, हौस साडूभाऊंची, आणि पंच मी.

एवढे होईपर्यंत ड्रोन सुळक्याच्या दिशेने वाऱ्यावर स्वार होऊन मोठ्या डौलात गेलेला होता. वारा पश्चिमेचा असेल तर आधी पश्चिमेकडे जाऊन यावे, म्हणजे बॅटरी उतरत असताना परतीला वारा पाठीशी राहतो. हे शिकायला विमानविद्या लागत नाही, सायकल चालवलेली असली तरी पुरते. शिवाय यंत्र सुळक्यामागे गेले आणि संपर्क तुटला, तर ते आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत घराकडे निघते. ती उंची सुळक्याहून कमी असेल, तर वाटेत वानरलिंगी येते, आणि वानरलिंगी बाजूला होत नाही. साडूभाऊंनी ही उंची किती ठेवली आहे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी "कंपनीने ठेवली असेल तेवढी" असे सांगितले. सुदैवाने सुळक्यापर्यंत जाण्यापूर्वीच बॅटरीने तक्रार सुरू केली, आणि यंत्र उलट्या वाऱ्याशी झुंजत, एका जागी थरथरत, तसूतसूने परत येऊ लागले. साडूभाऊंची नजर पडद्यावरून हलली नाही. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा असे म्हणतात, ते त्यांनी पडद्याला लागू केले असावे.

बॅटरी अगदी संपत आली की ही यंत्रे कोणाचे ऐकत नाहीत. जिथे असतील तिथे खाली उतरू लागतात. आमचे उतरू लागले ते नेमके त्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे. दोघेही बोलायचे थांबले. दोघांनीही टोप्या सावरल्या. यंत्र गुणगुणत, भाताच्या लोंब्या झोडपत खाली आले आणि अर्धे चुन्याच्या रेषेवर व अर्धे पुसलेल्या भागात असे टेकले.

"बघा!" आजोबा म्हणाले. "बरोबर हद्दीवर उतरलं."

"हद्दीवर न्हाई," चुलतभाऊ म्हणाले, "माझ्यात उतरलंय. तोंड कुनीकडं हाये त्याचं?"

तोंड कुणीकडे आहे ह्यावर नवा वाद सुरू झाला. दोघांचेही यंत्रावर कमालीचे इमान बसलेले असल्याने पंचनामा झाल्याशिवाय ते कोणी हलवायचे नाही, ह्या एकाच मुद्द्यावर भाऊबंदांचे एकमत झाले, आणि साडूभाऊंना स्वतःची वस्तू उचलण्यासाठी, नातवाच्या वहीच्या पानावर 'यंत्र दोघांच्या समक्ष उचलले' असे मी लिहून सही करीपर्यंत थांबावे लागले. पूर्वी ह्याच घाटात व्यापाऱ्यांकडून जकात घेत आणि दगडी रांजणात टाकत, असे सांगतात. दोन हजार वर्षांनंतर वाटसरूला नुसत्या सहीवर सोडतात, हा दर कमी झाला असेच म्हटले पाहिजे.

आता गंमत अशी की "कट!" म्हटल्यामुळे यंत्र तेव्हा टिपत होते. संपूर्ण व्हिडिओत धडकी न भरवणारा, न हेलकावणारा, योग्य उंचीवरचा असा एकच भाग आहे, आणि तो म्हणजे हे उतरणे: हिरवी खाचरे, पांढरी रेषा, तिच्या दोन बाजूंना दोन टोप्या, आणि त्या हळूहळू मोठ्या होत जातात. असल्या ड्रोनला आवाज टिपता येत नाही. त्यामुळे हिरडा नाही, वाटणी नाही, म्हैस नाही. साडूभाऊंनी त्या प्रसंगावर बासरी घातली आहे आणि खाली 'सह्याद्रीतील निरागस माणसे' असे लिहिले आहे.

काल दुपारी मला आजोबांचा फोन आला. त्यांना नकाशाचा उतारा कधी मिळेल हे हवे होते. संध्याकाळी चुलतभावांचा आला. त्यांनी पहिली मोजणी अमान्य केली असून फेरमोजणीला दिवाळीनंतर कधी येता असे विचारले आणि पेट्रोलचे पैसे देण्याची तयारी दाखवली. आज सकाळी नातवाने 'सर नमस्कार' म्हणून नवी, आणखी हातभर पलीकडची रेषा मारल्याचा फोटो पाठवला आहे. माझा नंबर ह्या मंडळींना कोणी दिला, असे मी साडूभाऊंना जरा चढ्या आवाजात विचारले. ते म्हणाले, "मीच दिला. माझा फोन रिमोटला लावलेला होता ना."