“जित्तं हाय की हे!”

आज डोकं फिरलंय, पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते.

ड्युटी संपवून घरी येताना कोपऱ्यावरच्या पबमध्ये गेले. आठवड्यातून एकदा, अर्धा पाइंट बिटर (इथली कडवट बिअर), खिडकीजवळचं टेबल, मग घर. गेली बारा वर्षं हे चाललंय, इंग्लंडमधल्या आपल्या डर्बीतल्या मंडळींना माहितीये. आज बघते तर हँडपंपवरची, म्हणजे तळघरातून बिअर ओढायच्या दांड्यावरची, पाटी बदललेली. इथून आठ मैलांवर एक छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा कारखाना, आहे, नवरा-बायको आणि चार माणसं मिळून चालवतात, त्यांची बिटर असायची तिथे. आता तिथे जिची जाहिरात बसवर असते तसली एक. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर तिने आवाज खाली करून सांगितलं, वरून ऑर्डर आलीये, पब ज्या कंपनीचा आहे त्यांच्या यादीत आता ती ब्रुअरी नाही. बरं, म्हटलं, ही तरी कास्कमधली, म्हणजे पिंपातली जिवंत, आहे ना? तर म्हणाली नाही, ही केगच आहे, बंद डब्यातली, फक्त हँडपंपने ओढून देतो, लोकांना ते आवडतं म्हणून.

मी दोनदा विचारलं. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं.

म्हणजे बघा, तो लाकडी दांडा तसाच, पितळी कडी तशीच, ओढताना हाताला लागणारा जोर तोच, आणि खाली तळघरात सीलबंद डबा. दारात तुळशीवृंदावन ठेवायचं आणि त्यात प्लॅस्टिकची तुळस लावायची, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायला लावायचे. याला मी फसवणूकच म्हणणार. मी ग्लास न घेता बाहेर आले आणि बसस्टॉपवर उभी राहून अक्षरशः रडायला आलं, आणि ते बिअरसाठी नव्हतं हे तुम्ही समजून घ्याल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रियल एल किंवा कास्क म्हणजे जी बिअर पिंपात भरल्यावरही आंबत असते ती. यीस्ट जिवंत असतं, गाळून मारलेलं नसतं, बाहेरून गॅस भरलेला नसतो. जो काही हलका फेस असतो तो तिचा स्वतःचा. पबच्या तळघरात ११ ते १३ अंशांवर ती पिकते, आणि एकदा पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवायला लागतं, नाहीतर आंबट होते. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. केगचं तसं नाही, ती गाळून, बहुतेक वेळा तापवून यीस्ट मारून, बंद डब्यात गॅसच्या जोरावर येते, महिनाभर तशीच. विरजण लावलेलं घरचं दही आणि दुकानातला डबा, एवढाच फरक, पण हा फरक आपल्या लोकांना तरी समजावून सांगायला लागू नये.

आता आबांची, माझ्या वडिलांची, गोष्ट सांगते, काहींनी आधी ऐकलीये, परत ऐका.

२०१६ च्या जानेवारीत आबा दोन महिन्यांसाठी आले होते. आबा म्हणजे पन्हाळ्याच्या बाजूचे, चाळीस वर्षं गुळव्या म्हणून काम केलेला माणूस, आणि माळकरी. माझी दिवसभर ड्युटी, बाहेर बर्फ, माणूस घरात एकटा भिंतीकडे बघत बसायचा. तेव्हाचा आमच्या पबचा लँडलॉर्ड, म्हणजे पब चालवणारा, सत्तरीचा म्हातारा, त्याला मी हे बोलले तर म्हणाला इथे घेऊन ये, शेकोटी आहे, चहा देतो. मला धडकी भरली. लेक पबमध्ये जाते हेच आबांना माहीत नव्हतं. पण घेऊन गेले. आबा शेकोटीशेजारी चहा घेऊन बसले, माझ्याकडे बघेनात. म्हाताऱ्याने विचारलं तुझे वडील काय करायचे, मी म्हटलं उसाचा गूळ करायचे, मोठ्या कढईत रस आटवून. झालं, तो उठलाच, म्हणाला खाली घेऊन चल त्यांना.

तळघराच्या पायऱ्या अरुंद, आबांनी एका हाताने धोतर सावरलेलं, दुसरा हात माझ्या खांद्यावर. खाली थंड, दमट, ओल्या लाकडाचा आणि भिजवलेल्या धान्याचा वास. चार पिंपं आडवी मांडलेली. एकाच्या वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी होती आणि तिच्या कडेने फेस बाहेर येत होता. म्हाताऱ्याने बोट ओठावर ठेवलं आणि आबांना खूण केली, कान लावा. आबांनी टोपी काढली, पिंपाला कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “जित्तं हाय की हे!”

त्या दोघांची एकही भाषा सारखी नव्हती. मी मधे उभी राहून भाषांतर करत होते, पण थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही. म्हाताऱ्याने दाखवलं, उकळी कमी झाली की मऊ खुंटी काढून कडक खुंटी ठोकायची, मग ती बसते, निवळते. आबांनी हवेत हात फिरवून दाखवलं, काहिलीतली उकळी कधी मोठी असते आणि कधी जड होते, आणि पाक थंड पाण्यात टाकून गोळी कशी वळून बघतात. घड्याळ दोघांकडेही नाही. कानाने आणि नाकाने चालतं सगळं.

हे सगळं त्या कंपनीच्या यादीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. साठ-सत्तरच्या दशकात इथल्या सहा मोठ्या कंपन्यांनी छोट्या ब्रुअरीज विकत घेऊन बंद करायचा सपाटाच लावला होता, सगळीकडे तीच गॅसवाली केग बिअर. १९७१ मध्ये चार इंग्लिश पोरं आयर्लंडला सुट्टीवर गेली होती, तिथे बसून त्यांनी ठरवलं की याच्या विरोधात चळवळ काढायची, तीच आजची कामरा, रियल एल वाचवणारी संघटना. चार पोरं! कोणाच्या मागे पैसा नाही, नाव नाही. आज इंग्लंडमध्ये कुठल्याही गावात हँडपंप दिसतो तो त्या चौघांमुळे, आणि आता हुशारी अशी की हँडपंपच ठेवायचा आणि आतलं बदलायचं. राग येतो तो याचाच. तुम्हाला केग विकायची तर विका ना, नळ लावा, लिहा केग म्हणून. दांडा कशाला?

लुइसचं उदाहरण मी सगळ्यांना देते. ससेक्समधलं छोटं गाव, तिथे हार्वीज नावाची १७९० पासूनची ब्रुअरी, आणि गावातच लुइस आर्म्स नावाचा पब. २००६ च्या शेवटी पबची मालक कंपनी ग्रीन किंगने हार्वीजची बिटर काढून टाकली. गावातल्याच पबमधून गावचीच बिअर. लोकांनी काय केलं? बाहेर थंडीत उभे राहिले, पत्रकं वाटली, आणि आत जाणं बंद केलं. १३३ दिवस. एप्रिल २००७ मध्ये कंपनीला ती बिअर परत आणावी लागली. १३३ दिवस आपल्या रोजच्या पबमध्ये पाय ठेवायचा नाही ही गोष्ट सोपी नाही, इथल्या म्हाताऱ्यांसाठी पब म्हणजे आपल्याकडचा देवळाचा कट्टा आहे.

कोणीतरी आता म्हणणारच, तू नर्स, रोज वॉर्डात लिव्हर गेलेली माणसं बघतेस आणि दारूचं कौतुक करतेस. बघते. खरंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ती माणसं बहुतेक सुपरमार्केटच्या स्वस्त बाटलीवर एकटी घरात बसून गेलेली असतात हे पण मी बघते.

आणि हो, काही पबमध्ये कास्क अक्षरशः व्हिनेगरसारखी मिळते, नीट सांभाळत नाहीत. तेही मान्य. काही छोट्या ब्रुअरींची केगही चांगली असते. मान्य.

पण मूळ दुखणं दुसरीकडे आहे. २००२ पासून सरकार छोट्या ब्रुअरीजना ड्युटीत निम्म्यापर्यंत सूट देत आलंय, २०२३ मध्ये नियम बदलले तरी सूट आहेच, छान गोष्ट. त्यामुळे शेकडो छोट्या ब्रुअरीज उभ्या राहिल्या. पण माल बनवला तरी विकायचा कुठे? पबच कंपनीच्या ताब्यात आणि लँडलॉर्डला कंपनीच्या यादीतूनच माल घ्यायची सक्ती. १९८९ मध्ये एक कायदा आला होता, की दोन हजारांच्या वर पब असलेल्या ब्रुअरींनी आपल्या लँडलॉर्डना एक तरी बाहेरची कास्क बिअर ठेवू द्यायची, इथे त्याला पाहुणी बिअर म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी काय केलं, पब वेगळे काढून नुसत्या पब सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या हवाली केले, म्हणजे कायदा लागूच होईना, आणि २००३ मध्ये तो कायदाही रद्द झाला. स्कॉटलंडने २०२१ च्या कायद्यात पाहुण्या बिअरचा हक्क परत आणलाय. इंग्लंडमध्ये नाही. का नाही? आठ मैलांवरची ब्रुअरी स्वतःच्या जिल्ह्यातल्या पबमध्ये पाहुणी, आणि ती पाहुणीसुद्धा दारातून परत पाठवायची.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. चहा केला.

तळघरातली आणखी एक गोष्ट राहिली. म्हाताऱ्याने आबांना एक काचेचा ग्लास दाखवला, त्यात गढूळ बिअर, आणि दुसरा, लख्ख. कशाने निवळते विचारलं तर कळलं, माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेलं एक द्रावण घालतात, त्याला चिकटून यीस्ट तळाला बसतं. आता माळकरी माणसाला हे कसं सांगायचं? सांगितलं. आबा दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, मासा कशाला, त्याला सांग भेंडी ठेचून घाल. आम्ही रसात रानभेंडीचं पाणी घालतो, सगळी मळी वर येते. मी ते भाषांतर केलं आणि तो म्हातारा इतका हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला हे मी त्या ब्रुअरीवाल्यांना सांगतो. आणि सांगितलं त्याने! ती ब्रुअरीवाली बाई पुढच्या आठवड्यात पबमध्ये येऊन आबांना भेटून गेली, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, एक पिशवी देऊन गेली. आबांनी ते माल्ट चावून बघितलं, म्हणाले गोड हाय. आबांनी बिअरचा एक थेंब घेतला नाही. पण दोन महिने रोज दुपारी जाऊन बसायचे, आणि नवं पिंप आलं की म्हातारा त्यांना खाली बोलवायचा.

तोच म्हातारा आता निवृत्त झालाय. आणि तेच तळघर, जिथे आबांनी टोपी काढली होती, तिथे आता डबे.

आणि आपल्या लोकांनी तर या सगळ्याला परकं समजूच नये. इथून अर्ध्या तासावर बर्टन, ब्रुअरींचं गाव. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, त्याने कडवट बिअर खुलते, आणि १८२० च्या दशकापासून तिथली बिअर पिंपांतून जहाजाने कलकत्त्याला नि आपल्या मुंबईला जायची, त्यावरूनच तर इंडिया पेल एल हे नाव. त्याच बर्टनमध्ये लाकडी पिंपांची एक जुनी रचना होती, पिंपं ओळीत जोडलेली, आंबताना यीस्ट नळीतून वर येऊन पन्हळात पडायचं. मार्स्टन्सच्या ब्रुअरीत ती शेवटपर्यंत टिकली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तीही बंद करायचं जाहीर झालं. त्यातला एक संच डर्बीशायरच्याच थॉर्नब्रिज नावाच्या ब्रुअरीने उचलून नेला आणि चालू केला. बघा, वाचवणारी कोण? त्या अवाढव्य कंपन्यांपुढे चिमुकली अशी आपल्याच जिल्ह्यातली ब्रुअरी.

आबा आता ब्याऐंशीचे. गुऱ्हाळ कधीच बंद झालं, ऊस सगळा कारखान्याला जातो, काहील मागच्या अंगणात उपडी पडलीये. रविवारी फोन केला की सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर शेवटी विचारतातच, “आणि तुझी ती पिंपं?” मी नेहमी म्हणते, बरी आहेत आबा.

तर आता कामाचं. मी त्या पबच्या कंपनीला पत्र लिहिलंय, आज रात्री पाठवते. ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका. आणि पाटीवर कास्क लिहिलंय का केग हे काउंटरवर मोठ्याने विचारा, लाजू नका, चार जणांनी विचारलं की त्या मुलीलाही वर सांगायला जोर येतो.

शनिवारी दुपारी बारा वाजता मी त्या आठ मैलांवरच्या ब्रुअरीत जाणार आहे, त्यांच्या अंगणातच छोटं काउंटर आहे, तिथे थेट पिंपातून मिळते. गाडीत तीन जागा आहेत. गाडी मी चालवणार, त्यामुळे मी काही घेणार नाही. ज्यांना कोणाला पिंपाला कान लावून ऐकायचंय त्यांनी या, त्या बाईंना मी आधीच फोन करून ठेवलाय, एक नवं पिंप शुक्रवारी रात्री खुंटी लावून ठेवते म्हणाल्या.