गृहीतागमा, गृहिणी नव्हे

आज दुपारी आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. मी आधी आजीची नोंद शोधली. म्हणजे आजोबांची शोधली, कारण तिथे बायकांना स्वतःची नोंद नसतेच, त्या नवऱ्याच्या नोंदीत 'पत्नी' म्हणून येतात. आजोबांना पाच ओळी. नोकरी, बदल्या, नाटकाची आवड, गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराला केलेली मदत. आजीच्या नावापुढे एकच शब्द: गृहिणी.

माहितीचा फॉर्म मी भरून दिला होता, स्वतःच्या हाताने. शिक्षणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'गृहीतागमा, १९२८'. संपादन करणाऱ्या काकांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "अगं, आम्हाला वाटलं तू घाईत चुकलीस. गृहिणी लिहायचं असेल, म्हणून दुरुस्त केलं."

दुरुस्त केलं!

तासभर झाला, अजून हात थरथरताहेत. ही मंडळी पदरचे पैसे घालून, वर्षानुवर्षं खपून हे काम करतात, हे मला माहीत आहे. पण वाचता न आलेला शब्द कोशात बघावा, नाही तर मला विचारावं. बाईच्या नावापुढे 'गृह' दिसलं की पुढचं आपल्याला ठाऊकच आहे, ही खात्री येते कुठून?

तर ऐका. गृहीतागमा म्हणजे जिने आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली आहे ती. त्यातल्या 'गृहीत'चा घराशी काडीचा संबंध नाही. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची ही पदवी, थोडक्यात जी.ए., बी.ए.च्या जागी. तिच्या पुढची प्रदेयागमा, पी.ए. विद्यापीठ १९१६ साली निघालं तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि कॉलेजात मुली होत्या पाच. पाच! शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचं पण दुसरी भाषा म्हणून. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज सगळे एसएनडीटी म्हणतात. त्या अक्षरांमागे एक बाई आहे हे किती जणांच्या लक्षात येतं, कोण जाणे.

या विद्यापीठाला सरकारची मान्यता नव्हती. कर्व्यांनी मान्यतेसाठी अडून न राहता ते सुरू केलं. कायद्याने रीतसर विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षं मुली शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, पदव्या घेत होत्या, आणि सरकारदरबारी त्या कुणीच नव्हत्या. पदवी घेतल्यावर या मुलींचं काय झालं असेल, असा विचार तुमच्या मनात कधी आलाय? 'पहिल्या पदवीधर महिला' म्हणून आठ मार्चला फोटो फिरतात. फोटो पदवीच्या दिवशीचा असतो. दुसऱ्या दिवसापासूनचा फोटो कुणी काढलेला नसतो.

आजीचं सांगते. १९२८ ला जी.ए. झाली. एक वर्ष मुलींच्या शाळेत शिकवलं, मग लग्न होऊन कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आली. शाळा सुटली. पुढची सतरा वर्षं चूल, चार बाळंतपणं, सासूचं आजारपण. पदवीचा कागद पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. १९४६ साली आजोबांना क्षय झाला आणि पगार बंद पडला. तेव्हा आजी नेसत्या लुगड्यानिशी, कागद हातात घेऊन गावातल्या शाळेत गेली. हेडमास्तरांनी विचारलं, "मॅट्रिक आहात का?"

आजी म्हणाली, "मी पदवीधर आहे."

"ते असू द्या हो. मॅट्रिक आहात का?"

आता ती मॅट्रिक कुठून असणार? कर्व्यांच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची होती, ती देऊन ती कॉलेजात गेलेली. म्हणजे बाई पदवीधर, पण मॅट्रिक नाही. घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोठ्या काकांच्या पुस्तकांवरून अभ्यासाला बसली. काका त्या वर्षी मॅट्रिकलाच होते. एकच बीजगणिताचं पुस्तक, संध्याकाळी त्यांच्याकडे, रात्री आवराआवर झाली की तिच्याकडे. १९४७ च्या मार्चमध्ये मायलेक एकाच वर्षी परीक्षेला बसले. ती चाळीस वर्षांची होती. पदवी मिळून एकोणीस वर्षं झाली होती.

दोघंही पास झाले. पेढे काकांचे वाटले.

हे मला तिनेच सांगितलंय, भाजी निवडता निवडता, आवाज जराही न चढवता. मीच चिडले होते. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटलं तिने तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर आपटायला हवा होता. ती म्हणाली, "आपटून काय, पगार मिळाला असता?"

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणीतरी खाली लिहिणारच आहे की या शिकल्या त्या मूठभर, पुण्यामुंबईच्या, बहुतेक पांढरपेशा वरच्या जातींतल्या. खरं आहे. मान्य. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही त्यांच्यापुढे आजीचं दुःख लहान आहे. आणि कर्व्यांच्या विद्यापीठावरचा आक्षेपही मला ठाऊक आहे, की मुली उत्तम पत्नी आणि उत्तम माता व्हाव्यात हाच त्यांचा हिशोब होता, म्हणून तर अभ्यासक्रमात घरकामाचं शास्त्र. हेही खरं. पण घरासाठी म्हणून उघडलेल्या दारातून ज्या आत गेल्या, त्या बाहेर पडताना त्याच राहिल्या का?

बाळूताई खरे कर्व्यांच्याच हिंगण्याच्या शाळेतून, त्याच विद्यापीठातून शिकल्या. १९३३ साली त्यांनी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते गोष्टींतून लिहिलं, आणि नाव लावलं विभावरी शिरूरकर. खरं नाव लावायची सोय नव्हती. केवढं वादळ उठलं! शिकलेली बाई जगते कशी, हे तिने स्वतः सांगितलं तर एवढा गहजब. त्याच बाळूताई, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या सरकारी वसाहतीत नोकरी करत होत्या. तारांच्या कुंपणामागच्या माणसांत. ही कसली 'आदर्श गृहिणी' तयार करणारी शाळा?

आणि पदवीला मान्यता नव्हती म्हणून अडलं, असंही कुणी सांगू नका. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची पदवी तर थेट मुंबई विद्यापीठाची होती. डेक्कन कॉलेजातून सगळ्या मुलग्यांच्या पुढे. त्या गुणांवर विलायतेची सरकारी स्कॉलरशिप मिळायची. मिळाली का? नाही, कारण त्या बाई होत्या. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना शिकवलं, मग ओळखीपाळखीच्यांनी पैसे जमवले तेव्हा ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्डने पदवी हातात दिली १९२२ ला. तीस वर्षांनी! आणि इथे बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला १९२३ साली. तोवर सरकारला सल्ला द्यायला, पडद्यातल्या राण्यांची प्रकरणं हाताळायला त्या चालत होत्या. कोर्टात वकील म्हणून चालत नव्हत्या.

शिका म्हणायचं, शिकली की 'ते असू द्या हो' म्हणायचं. आजीच्या हेडमास्तरांचं वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं. आज काकांच्या तोंडून आलं, शब्द वेगळे एवढंच.

चहा करून आले. थोडी शांत झालेय.

आजोबांविषयी गैरसमज नको. आजारपणात अंथरुणावर पडून ते तिला भूमितीची प्रमेयं विचारायचे, असं मोठे काका सांगत. ते हेडमास्तरही वाईट नसतील, नियमच तसा होता. मॅट्रिक पास झाल्यावर त्यांनी तिला घेतलं, मॅट्रिकच्या पगारावर. १९५१ ला विद्यापीठाला दर्जा मिळाला तेव्हा तिने अर्ज केला की आता मला पदवीधर धरा. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. नाही आलं. तिने पुढे विचारलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती पाचवीसहावीला मराठी आणि भूगोल शिकवत राहिली.

एक मात्र होतं. पोस्टकार्डावर, रेशनच्या अर्जावर, आमच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर, कुठेही नाव लिहिलं की ती पुढे 'जी. ए.' लिहायची. लहानपणी मला ते तिच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं वाटायची. कुणी विचारलं नाही तर ती सांगायची नाही. आम्हीही विचारलं नाही. मी सोळा वर्षांची होईपर्यंत विचारलं नाही. काकांवर एवढी तापलेय खरी, पण सोळा वर्षं त्याच घरात राहून मला तरी कुठे वाचता आलं होतं? तिला आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

मघाशी संपादन करणाऱ्या काकांचा फोन आला. कुलवृत्तांत अजून छापायला गेलेला नाही, बदल करता येईल म्हणाले. पुरावा म्हणून काहीतरी पाठव, इतर सभासद विचारतील. एरवी यावरूनही भांडले असते, कारण आजोबांच्या नाटकाच्या आवडीला कुणी पुरावा मागितला नव्हता. पण ट्रंक उघडली. शालू विरलाय, कागद धड आहे.

दोन्ही कागद स्कॅन करून पाठवलेत. पहिला गृहीतागमा, १९२८. दुसरा मॅट्रिक, १९४७. सोबत ठळक अक्षरात लिहिलंय: साल तपासून पाहिलं आहे, क्रम हाच आहे, कृपया दुरुस्त करू नये.